डावा हात सोडून

पट्टा गुंडाळायला मी पुढं झाले
तसा केजाजींनी डावा हात मागे घेतला,
झोपलेलं लेकरू कुशीकडे वळवून घ्यावं तसा.
"तो नाही मॅडम. तो मशीनचा."

गोळीबार चौकातल्या माझ्या दवाखान्यात
केजाजी पौनीकर येतात बुधवारी,
कारण मंगळवार नि शुक्रवार
धंतोलीतल्या त्या थंड खोलीचे.
तिथं आत जाताना वजन,
बाहेर पडताना वजन,
मधल्या अडीच किलोंवर हिशेब मिटतो.

माझ्याकडे ते उरलेलं आणतात:
उलथन्याच्या दांड्यानं न भागणारी पाठीची खाज,
रात्री तीनची जाग,
जिभेवरची लोखंडाची चव,
धाकटीच्या लग्नात पाहुणे किती बोलवावे,
आणि एकदा, फार आडून आडून,
सावजीचा रस्सा बोटभर चाटला तर चालते का.
संत्र्याचं कधी विचारलं नाही.
बाकावरच्या एका पोरानं साल सोललं
तेव्हा उठले, आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

मागच्या हिवाळ्यात म्हणाले, पाय बधिर वाटते.
मी म्हटलं, तिथं विचारा ना, तिथं मोठे डॉक्टर आहेत.
तिथं म्हणाले, फॅमिली डॉक्टरला दाखवा.
पुढच्या बुधवारी पुन्हा तेच.
बाहेर अठरा पेशंट होते.
मी पण पुन्हा तेच म्हटलं,
मान वर न करता.

धंतोलीत एसीचा गारठा, म्हणून पायांत मोजे,
मोज्यांवर ब्लँकेट.
चार तास, आठवड्यातून दोनदा
सगळं रक्त बाहेर येऊन, धुऊन परत जात होतं
आणि पाय कोणी पाहिले नाहीत.
तिसऱ्या बुधवारी मी मोजा काढला
तोही वास आला म्हणून.

करंगळी गेली.
"एकच तर गेली न, बाप्पा,"
ते समजावत होते. मला.
"मागावर होतो तवा पायाचं काम होतं. आता काय."

तेव्हापासून आधी चपला काढायच्या, मग बोलायचं.
मी फरशीवर बसते.
टाचा, बोटांच्या बेचक्या,
टॉर्च वासनिकच्या हातात.
खोकला किती दिवसांचा,
अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेतली का,
सूनबाई बोलतात का नीट.
धंतोलीच्या सिस्टरचा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे.
मी दोन शब्द लिहिते,
ती रात्री अकराला चार ओळी पाठवते,
शेवटी विचारते, पाय कसे आहेत?

आज मे. पारा शेहेचाळीस.
वासनिकनं सवयीनं माठातला पेला पुढं केला
आणि मध्येच थबकला.
केजाजींनी सदऱ्याच्या खिशातून काढलं
खोकल्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण.
"यात द्या. आज दोन शिल्लक आहेत."
लगेच गिळलं नाही.
गालात इकडून तिकडे फिरवत बसले
पंख्याकडे पाहत.
एकच घेतलं.
दुसरं रात्रीसाठी.

मग आपणहून डावा हात टेबलावर ठेवला.
"आता पाहा. पट्टा नाही, बोट लावा."

दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरेवर मी बोट ठेवलं.
आत घरघर,
कातडीखाली काहीतरी न थकता ये-जा करणारं.
"तीस वर्षं माग चालवला," ते म्हणाले,
"आवाजानं कान गेले.
हा तर ऐकूच येत नाही, पण हाताला समजते.
रातच्याला उठून पाहतो,
चालू आहे का बंद पडला."

मला रक्तदाब लिहायचा होता.
कागद समोर होता, पेन उघडं होतं.
बाहेर कोणीतरी दार वाजवलं,
वासनिक म्हणाला, "थांबा न जरा भाऊ,
आत तपासून राह्यल्या."